मेदेस बेटांवरील स्कूबा डायव्हिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानात डायव्हिंग शिकलेले आणि आता शिक्षण-नोकरीनिमित्त युरोपात राहणारे, किंवा तिकडे सहलीला निघालेले मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. सर्व उत्तरे एकाच ठिकाणाबद्दल, स्पेनच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मेदेस बेटांबद्दल आहेत. भूमध्य समुद्राविषयी मोघम बोलण्यापेक्षा एका जागेची नीट ओळख करून देणे अधिक उपयोगाचे वाटते.

मेदेस बेटे नेमकी कुठे आहेत आणि तेथील पाणी इतके समृद्ध का?

कातालोनियातील कोस्टा ब्रावा या खडकाळ किनाऱ्यावर लेस्तारतित नावाचे गाव आहे. त्याच्या किनाऱ्यापासून साधारण एका सागरी मैलावर सात लहानमोठ्या बेटांचा आणि सुळक्यांचा पुंजका समुद्रातून वर आलेला दिसतो. मेदा ग्रान हे त्यांतील सर्वांत मोठे बेट असून त्यावर दीपगृह आहे. त्याच्या शेजारी मेदा पेतिता म्हणजे धाकटी मेदा, आणि थोड्या अंतरावर कराय बेर्नात हा पाण्यातून सरळ वर उठलेला उंच सुळका. सर्व बेटांची जमीन एकत्र मोजली तरी ती वीस-पंचवीस हेक्टरांच्या आतच भरते, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने हे ठिकाण एखाद्या मोठ्या शेताएवढेच आहे.

ही बेटे चुनखडीची आहेत. किनाऱ्यावरील मोंग्री डोंगराचाच हा समुद्रात उतरलेला भाग असून, चुनखडी पाण्याने झिजत आणि विरघळत गेल्यामुळे बेटांच्या पोटात गुहा, बोगदे आणि कमानी तयार झाल्या आहेत. अंधाऱ्या छतापासून उजेडातल्या उभ्या कड्यापर्यंत प्रत्येक प्रकारच्या जिवाला आपापली जागा येथे मिळते. त्यातच जवळच समुद्राला मिळणारी तेर नदी पोषक द्रव्ये घेऊन येते. एरवी भूमध्य समुद्राचे पाणी अन्नाच्या दृष्टीने बरेच रिकामे असते; येथे मात्र नदीचा गाळ आणि उत्तरेकडून किनाऱ्यालगत वाहणारा प्रवाह यांमुळे प्लवक भरपूर असते आणि त्यावर जगणारे प्रवाळ, स्पंज व मासे यांची दाटी होते. याच कारणाने पाणी कधी कधी गढूळही असते, हे आधीच सांगितलेले बरे.

हे क्षेत्र ‘संरक्षित’ आहे म्हणजे काय?

१९८३ साली कातालोनियाच्या सरकारने बेटांभोवतीच्या पट्ट्यात मासेमारी आणि पोवळे काढण्यास बंदी घातली. १९९० साली येथील सागरतळावरील वनस्पती आणि प्राणी यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१० साली मोंग्री डोंगर, मेदेस बेटे आणि तेर नदीच्या मुखाकडील सखल प्रदेश मिळून एक नैसर्गिक उद्यान स्थापन करण्यात आले. बेटांना लागून असलेल्या सुमारे ९३ हेक्टर समुद्रात कोणत्याही प्रकारची मासेमारी चालत नाही. त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात स्थानिक मच्छीमारांना काही अटींवर परवानगी आहे.

डायव्हरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की येथे स्वतःची होडी घेऊन जावे, नांगर टाकावा आणि बुडी मारावी, असे चालत नाही. नांगर टाकण्यास मनाई आहे. होड्या उद्यानाने कायमस्वरूपी बसवलेल्या बोयांनाच, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपांनाच, बांधल्या जातात, एका वेळी किती जणांनी पाण्यात उतरायचे यावर मर्यादा असते आणि प्रत्येक बुडीमागे उद्यानाचे छोटे शुल्क भरावे लागते, जे डायव्हिंग केंद्र आपल्या बिलात लावते. हे शुल्क जाचक मानण्याचे कारण नाही. वर्षाला साठ हजारांच्या आसपास बुड्या ज्या चिमुकल्या जागेत मारल्या जातात, तेथे देखरेख आणि बोयांची निगा यांचा खर्च कोणीतरी उचलायलाच हवा, आणि तो आपण उचलणे रास्त आहे.

संरक्षणाचा परिणाम पाण्याखाली खरोखर दिसतो का?

दिसतो, आणि पहिल्याच बुडीत दिसतो. त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तपकिरी, जाड ओठांचा, गोबरा किंवा हेकरू या नावाने कोकणात ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या कुळातला मोठा मासा. स्पॅनिशमध्ये त्याला मेरो म्हणतात. भाल्याच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून या माशाला भूमध्य समुद्राच्या उथळ किनाऱ्यांवरून जवळजवळ हुसकावून लावले होते. हा मासा आपल्या ठरावीक कपारीत राहतो, कुतूहलाने माणसाकडे पाहत थांबतो आणि सहज मारला जातो.

त्याच्या बाबतीत शिकारीचे नुकसान दुपटीने होते. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात मादी असतो आणि बरीच वर्षे जगून मोठा झाल्यावर त्याचा नर होतो. त्यामुळे मोठे मासे मारले की नेमके नरच संपतात आणि उरलेल्या माद्यांना प्रजननासाठी जोडीदार उरत नाही. पन्नास वर्षांपर्यंत जगू शकणाऱ्या अशा प्राण्याची संख्या एकदोन हंगामांच्या बंदीने सावरत नाही. मेदेसमध्ये बंदी टिकली, पिल्ले वाढली, त्यांतील काहींचे नर झाले, आणि १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांना येथे उन्हाळ्यात एकत्र जमून होणारे त्यांचे प्रजनन प्रत्यक्ष पाहून नोंदवता आले. आज कराय बेर्नातच्या पायथ्याशी एक मीटरच्या आसपास लांबीचे गोबरे डायव्हरच्या हातभर अंतरावरून सावकाश जातात. त्यांची भीती गेलेली आहे, कारण चार दशके येथे त्यांना कोणी मारलेले नाही.

स्थानिक मच्छीमारांचे काय, हा प्रश्न आपल्याकडील वाचकांना पडणे साहजिक आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले तेव्हापासून तेथील मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे आणि त्यामागे पोटापाण्याची खरी काळजी आहे. मेदेसमध्ये पूर्ण बंदीचे क्षेत्र लहान ठेवले गेले आणि त्याला लागूनच परंपरागत मासेमारीला वाव दिला गेला. लहान होड्यांचे मच्छीमार राखीव पट्ट्याच्या कडेने जाळी लावतात, कारण आत वाढलेले मासे बाहेरही येतात. दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नाही, परंतु अभयारण्याच्या सीमा आखताना जाळे टाकणाऱ्याचा विचार करता येतो एवढे तरी येथून दिसते.

येथील लाल प्रवाळ म्हणजे आपले पोवळेच का?

होय. अंगठीत बसवतात, नवरत्नांत मोजतात आणि काही घरांत मंगळसूत्रातही ओवतात, ते अस्सल पोवळे म्हणजे परंपरेने भूमध्य समुद्रातील याच लाल प्रवाळाचा सांगाडा. सराफ आजही ‘इटालियन पोवळे’ असा शब्द वापरतात. हा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी नोंदींत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये पोवळ्याचा उल्लेख आहे, आणि त्याच बंदराकडे तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून माल जात असे. मेदेससमोरच्या नदीचे नावही तेर असावे, हा केवळ योगायोग आहे, पण मराठी माणसाला तो लक्षात राहतो. पुढे अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळी पाठवीत आणि गोव्यातील सारस्वत व्यापारी त्या बदल्यात हिरे पाठवीत.

पाण्याखाली हे पोवळे पाहिले म्हणजे त्याच्याविषयीची आपली कल्पना बदलते. गुहांच्या छताला आणि अंधाऱ्या कपारींत, उलट्या लटकणाऱ्या लहान झुडपांसारख्या त्याच्या वसाहती असतात. लाल फांद्यांवर पांढरे, आठ पाकळ्यांच्या फुलांसारखे दिसणारे जीव उमललेले असतात आणि आपण फार जवळ गेलो की ते मिटतात. त्याच्या खोडाची जाडी वर्षाला साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते. अंगठीतील एका चांगल्या खड्यासाठी लागणारी फांदी तयार होण्यास अनेक दशके लागतात, आणि फिन्सचा, म्हणजे पोहण्यासाठी पायांत घालायच्या रबरी पंखांचा, एक फटका ती क्षणात मोडू शकतो. बंदी असूनही या किनाऱ्यावर पोवळ्याची चोरटी तोड झालेली आहे. त्यामुळे सहज हात पोहोचेल अशा जागी मोठ्या वसाहती कमी आढळतात. तळाशी पडलेला तुकडासुद्धा उचलू नये. तो उचलणे बेकायदेशीर आहे, आणि तो तुकडा तेथेच राहिला तर त्यावर दुसरा एखादा जीव वस्ती करतो.

मालवणला स्कूबा केलेले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

‘मालवणला स्कूबा केले’ या वाक्याचे दोन वेगवेगळे अर्थ होतात. बहुतेक पर्यटक तेथे प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खोलीवर उतरतात, छायाचित्रे काढून घेतात आणि सहभागाचे प्रमाणपत्र घेऊन परततात. हा अनुभव चांगलाच असतो, परंतु तो डायव्हिंगचा परवाना नव्हे. याउलट तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत किंवा अन्यत्र ज्यांनी वर्गातील शिक्षण, तलावातील सराव आणि समुद्रातील बुड्या असा संपूर्ण ओपन वॉटर अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांचे कार्ड मेदेसमध्येही मान्य होते.

ओपन वॉटर कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येते आणि मेदेसच्या अनेक चांगल्या जागा त्या मर्यादेत बसतात. लाल गॉर्गोनियनचे, म्हणजे पंख्यासारख्या फांद्या पसरणाऱ्या प्रवाळांचे, दाट कडे नीट पाहायचे असतील, तर ३० मीटरपर्यंतची मुभा देणारा ॲडव्हान्स्ड टप्पा पूर्ण केलेला बरा. मात्र कार्डापेक्षाही महत्त्वाची आहे ती बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असे स्थिर राहण्याची हातोटी. शेवटची बुडी मारून वर्ष उलटले असेल, तर केंद्राला तसे प्रामाणिकपणे सांगावे आणि पहिला दिवस किनाऱ्याजवळच्या सरावासाठी ठेवावा. लॉगबुक, म्हणजे आपल्या बुड्यांची नोंदवही, सोबत न्यावे; अनेक केंद्रे ते पाहतात. कार्ड नसलेल्यांसाठीही प्रशिक्षकासोबतची पहिली बुडी उपलब्ध असते, परंतु ती उथळ पाण्यात आणि ठरवून दिलेल्या ठिकाणीच होते.

कोणती कागदपत्रे लागतात?

डायव्हिंगचे कार्ड, लॉगबुक, ओळखपत्र, डायव्हिंगमधील अपघात धरणारा विमा आणि आरोग्यविषयक कागद, एवढे नक्की जवळ ठेवावे. नेहमीचा प्रवासविमा स्कूबा डायव्हिंगला बहुधा वगळतो किंवा खोलीची मर्यादा घालतो. पॉलिसीतील बारीक अक्षरांतील मजकूर वाचून खात्री करावी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण त्या विम्यात डायव्हिंग आपोआप येत नाही. विमा नसेल तर केंद्रातच एका दिवसाचा किंवा आठवड्याचा विमा बहुधा मिळतो. दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया असा इतिहास असेल, तर घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहिलेले, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यावे; तेथे गेल्यावर ऐनवेळी डॉक्टर शोधण्यात सहलीचे दोन दिवस जातात.

कोणत्या महिन्यांत जावे आणि पाणी किती थंड असते?

कोकण किनाऱ्यावर डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबर ते मे असतो आणि पावसाळ्यात तो बंद होतो. मेदेसमध्ये नेमके उलट आहे. तेथील हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असा चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी १२ ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, ऑगस्टमध्ये पृष्ठभागावर ते २२ ते २५ अंशांपर्यंत चढते. हा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नये. उन्हाळ्यात पाण्याचे थर वेगळे पडतात, आणि पंधरा-वीस मीटरवर एका हाताच्या अंतरात तापमान चारपाच अंशांनी घसरल्याचे चेहऱ्याला जाणवते.

वसंतात पाणी हिरवट व प्लवकांनी भरलेले असते, परंतु त्याच काळात मोला मोला हा ताटासारखा चपटा, प्रचंड मासा दिसण्याची शक्यता असते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार होते. माझ्या मते सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरची सुरुवात हा सर्वांत चांगला काळ. खोलवरचे पाणीही तोवर तापलेले असते, मासे भरपूर असतात आणि बोयांवर रांग लागत नाही. उत्तरेकडून येणारा त्रामुंताना हा वारा जोरात सुटला की होड्या बंदरातच थांबतात, आणि पूर्वेचा वारा लाटा उसळवतो. म्हणून एका दिवसाची बुडी गृहीत धरून जाऊ नये. तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहण्याची सवय मात्र येथे बाजूला ठेवता येते. मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी दोन मीटरांहून अधिक वरखाली होते. भूमध्य समुद्राच्या या भागात ते काही सेंटिमीटरच हलते. तरीही कराय बेर्नातसारख्या उघड्या सुळक्यांभोवती प्रवाह जोरदार असू शकतो, तो वारा आणि किनाऱ्यालगतच्या मोठ्या प्रवाहामुळे.

कोणती उपकरणे न्यावीत?

मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि पृष्ठभागावर आल्याची खूण देणारा फुगवता येणारा बोया स्वतःचा असावा. बाकी सर्व भाड्याने मिळते. कोकणात तीन मिलिमीटरच्या वेटसूटवर, कधी नुसत्या टी-शर्टवर, भागते. येथे ऐन उन्हाळ्यातही पाच मिलिमीटरचा सूट लागतो, आणि वसंत किंवा शरद ऋतूत सात मिलिमीटरचा सूट, डोक्यावर हूड व पायांत बूट, हे सर्व घालावे. जाड सूट अधिक तरंगतो. शिवाय भूमध्य समुद्राच्या या भागातील पाणी अरबी समुद्रापेक्षा थोडे अधिक खारट आहे. या दोन्ही कारणांनी कमरेला नेहमीपेक्षा जास्त वजन लागते, तेव्हा ‘मी चार किलोच लावतो’ असा आग्रह न धरता पहिल्या बुडीआधी पृष्ठभागावर वजनाची चाचणी जरूर करावी.

भारतात बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे सिलिंडर असतात आणि ते बुडीच्या शेवटी हलके होऊन तरंगू लागतात. स्पेनमध्ये १२ किंवा १५ लिटरचे पोलादी सिलिंडर सर्रास मिळतात आणि ते शेवटपर्यंत जड राहतात. स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवा श्वासासाठी देणारे उपकरण, नेत असाल तर त्याची सिलिंडरशी जोडणी यॉक (पकडीने आवळायच्या) प्रकारची आहे की डिन (आट्यांनी फिरवून बसवायच्या) प्रकारची, हे केंद्राला आधी कळवावे. युरोपात डिन अधिक रूढ आहे.

डायव्हिंगचा दिवस कसा असतो?

ठरलेल्या वेळी केंद्रावर पोहोचून कागदपत्रे दाखवायची, उपकरणे जोडायची आणि त्या दिवशीच्या जागेची माहिती ऐकायची. ही माहिती देणारे मार्गदर्शक स्पॅनिश, कातालान, फ्रेंच आणि बहुधा इंग्रजीतही बोलतात. बंदरातून बेटांपर्यंत होडीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. होडी बोयाला बांधली जाते, डायव्हर उडी मारून उतरतात, बोयाच्या दोरावर जमतात आणि तेथून खाली जातात. परत येतानाही शक्यतो त्याच दोराकडे येऊन पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते. प्रत्येक बोयाच्या वेळा वाटून दिलेल्या असल्यामुळे उशीर करून चालत नाही. ज्यांना होडीत मळमळते त्यांनी त्यावरची गोळी निघण्याच्या पुरेशी आधी घ्यावी. बोयाला बांधलेली होडी चालत्या होडीपेक्षा अधिक हेलकावते.

कोणत्या जागा पाहाव्यात, आणि गुहांमध्ये जाता येते का?

जागा निवडण्याचा अधिकार बहुतेक वेळा वारा आणि केंद्र यांच्याकडे असतो, तेव्हा नावांची यादी घेऊन जाण्यात फारसा अर्थ नाही. तरी काही ओळख असलेली बरी. दोफी, म्हणजे डॉल्फिन, ही जागा मेदा ग्रानच्या कड्याशी असून तेथील बोगद्याच्या तोंडाशी डॉल्फिनची मूर्ती बसवलेली आहे. ला वाका, म्हणजे गाय, हा धाकट्या मेदाच्या पोटातून आरपार जाणारा प्रशस्त बोगदा आहे. आतून बाहेरच्या निळ्या उजेडाकडे पाहिले असता दारात थांबलेल्या माशांच्या आकृत्या काळ्या दिसतात, आणि बॅटरी छताकडे वळवली की पिवळे, नारिंगी व लाल रंग उजळतात. कराय बेर्नात आणि त्याच्या जवळचे तास्कोन खडक अनुभवी डायव्हरसाठी आहेत. तेथे बाराकुडाचे थवे, पंख हलवत जाणारे पाकट आणि जांभळट-लाल गॉर्गोनियनचे उभे बगीचे आढळतात. कपारींत मोरे आणि काँगर या जातींच्या वाम, ऑक्टोपस आणि लॉबस्टर लपलेले असतात, आणि खडकांवर कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी शोधण्यात एखादी संपूर्ण बुडी सहज जाते.

गुहेत जाताना एक गोष्ट विसरू नये. डोक्यावर छत असेल तर अडचणीच्या वेळी सरळ वर येता येत नाही. दोन्ही तोंडांचा उजेड दिसणाऱ्या रुंद बोगद्यात मार्गदर्शकासोबत, प्रत्येकाकडे बॅटरी असताना जाणे वेगळे, आणि अंधाऱ्या, अरुंद, तळाशी गाळ असलेल्या फाट्यात शिरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. ते नसेल तर मार्गदर्शकाने नेण्याची तयारी दाखवली तरी नकार द्यावा.

हात न लावता नुसते पाहणाऱ्या डायव्हरनेही नुकसान होते का?

होते, आणि ते मोजले गेले आहे. पेंटापोरा नावाचा, नारिंगी रंगाच्या नाजूक पापड्यांची जुडी असावी तसा दिसणारा एक वसाहती जीव मेदेसच्या खडकांवर वाढतो. १९९० च्या दशकात संशोधकांनी, डायव्हिंगसाठी नव्याने बोया बसवलेल्या जागेवर त्याच्या वसाहती मोजल्या, तेव्हा पहिल्याच वर्षात त्यांची दाटी निम्म्यावर आल्याचे आढळले. उघड्यावरच्या वसाहती अधिक फुटल्या, कपारीत आणि दगडांआड असलेल्या वाचल्या. कोणी मुद्दाम मोडल्या होत्या असे नव्हे. फिन्सचा धक्का, लोंबणारा दाबमापक, तोल सावरण्यासाठी टेकवलेला हात, एवढ्यानेच हे घडते.

म्हणून लोंबणारी प्रत्येक नळी बीसीडीला, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाला, अडकवून ठेवावी, कड्याजवळ उभे पोहू नये, आणि पाय मारताना बेडकासारखी आडवी लाथ वापरावी. गुहेच्या छताखाली विनाकारण रेंगाळू नये, कारण आपण सोडलेले बुडबुडे छताला साचून राहतात आणि तेथील जिवांना हवेत उघडे पाडतात. माशांना खाऊ घालणे निषिद्ध आहे. सरावलेला गोबरा आपल्याजवळ आला तरी त्याला कुरवाळू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे संसर्गापासून रक्षण करतो.

छायाचित्रकारांसाठी वेगळा शब्द लिहावासा वाटतो. कॅमेरा डोळ्याला लागला की पाय कुठे आहेत याचे भान सुटते, आणि मनासारखे चित्र मिळेपर्यंत एका हाताने खडक धरण्याचा मोह होतो. बॉयन्सी पक्की होईपर्यंत कॅमेरा होडीतच ठेवणे हा मला या जागेबद्दलचा किमान आदर वाटतो.

तापमानवाढीचा परिणाम येथे दिसतो का?

दुर्दैवाने दिसतो. मासेमारीवर बंदी घालता येते, परंतु गरम पाण्याला सीमा दाखवता येत नाही. १९९९, २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत पश्चिम भूमध्य समुद्राच्या उत्तर भागात पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा गरम राहिले आणि गॉर्गोनियन, स्पंज, प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. लाल गॉर्गोनियनच्या फांद्यांवरील जिवंत त्वचा गळून पडते, उघडा काळपट सांगाडा उरतो आणि त्यावर शेवाळ चढते. उथळ भागातील कड्यांवर असे सांगाडे आपल्याला दिसतील. त्यांना मळकट झुडपे समजू नये.

वादळांचाही तडाखा बसतो. २६ डिसेंबर २००८ रोजी पूर्वेकडून आलेल्या मोठ्या वादळाने येथील तळावरील वसाहती खरवडून काढल्या होत्या. पिना नोबिलिस हा जवळजवळ मीटरभर उंचीचा, वाळूत उभा राहणारा शिंपला २०१६ पासून पसरलेल्या परजीवीमुळे भूमध्य समुद्राच्या बहुतांश भागातून नाहीसा झाला आहे. उभी रिकामी शिंपली दिसली तर तिला हलवू नये, आणि जिवंत शिंपला दिसलाच तर जागा व खोली लक्षात ठेवून केंद्राला सांगावी. ती माहिती शास्त्रज्ञांना उपयोगी पडते.

सोबतचे कुटुंबीय डायव्हिंग करत नसतील तर?

लेस्तारतितच्या बंदरातून काचेच्या तळाच्या होड्या बेटांभोवती फिरवून आणतात, आणि स्नॉर्केलिंगच्या सहलीही निघतात. बेटांवर उतरता मात्र येत नाही. तेथे पिवळ्या पायांच्या कुरव पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. मोंग्री डोंगरावरील तेराव्या-चौदाव्या शतकांच्या उंबरठ्यावरचा अपुरा किल्ला चढून गेल्यास संपूर्ण बेटसमूह, नदीचे मुख आणि भातखाचरे एका नजरेत येतात. होय, या भागात भात पिकतो.

तेथे पोहोचावे कसे?

सर्वांत जवळचा विमानतळ जिरोना येथे आहे, परंतु भारतातून जाणाऱ्यांना बार्सिलोना अधिक सोयीचे पडते. बार्सिलोनाहून जिरोनापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने तोरोएया दे मोंग्री व लेस्तारतित गाठता येते. उपकरणांच्या पेट्या असतील तर भाड्याची मोटार बरी. शाकाहारी वाचकांसाठी एवढेच की टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात; एस्कालिवादावर कधी कधी खारवलेले मासे ठेवतात, तेव्हा मागवतानाच विचारावे.

अपघात झाल्यास काय सोय आहे?

होडीवर प्राणवायू आणि प्रथमोपचाराची व्यवस्था आहे का, हे होडी सुटण्यापूर्वी विचारण्यात संकोच करू नये. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे पालामोस येथील रुग्णालयात डायव्हिंगमधील आजारांवर उपचार करणारा उच्चदाब कक्ष आहे. बुडीनंतर सांधे दुखणे, अंगावर चट्टे उठणे, मुंग्या येणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा यांपैकी काहीही जाणवले, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ असे म्हणून झोपी जाऊ नये. लगेच केंद्राला कळवावे, प्राणवायू घ्यावा आणि विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करावा.

परतीचे विमान शेवटच्या बुडीनंतर किती वेळाने घ्यावे?

एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास, आणि अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झाले असेल तर किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य नियम आहे. एक पूर्ण दिवस मोकळा ठेवल्यास अधिक चांगले. हाच विचार मोटारीने पिरेनीज पर्वतात जाणाऱ्यांनीही करावा, कारण तेथील घाट दोन हजार मीटरांपर्यंत चढतात आणि कमी दाबाचा परिणाम शरीरावर विमानातल्यासारखाच होतो. शेवटचा दिवस मोंग्रीच्या किल्ल्यासाठी राखून ठेवला तरी हरकत नाही, कारण तो डोंगर जेमतेम तीनशे मीटर उंचीचा आहे. मात्र खोल बुडीनंतर त्याच दिवशी धापा टाकत चढू नये.